विश्लेषण : मोजक्या शेतांवरून देशाचे पीक, मोजक्या घरांवरून देशाची भूक… पां. वा. सुखात्मे यांनी मोजणीची पद्धत कशी बदलली?

पीक विम्याची भरपाई ठरवणारा पीक कापणी प्रयोग असो की घरखर्चाचे सरकारी सर्वेक्षण, दोन्हीत सगळ्यांना विचारले जात नाही. आधी गावे किंवा वस्त्या निवडल्या जातात आणि मग त्यातील मोजकी शेते किंवा घरे. ही पद्धत शेतीच्या मोजणीत रुजवणाऱ्या सातारच्या संख्याशास्त्रज्ञाची ही गोष्ट.

मध्य रेल्वेच्या आंबिवली स्थानकाबाहेर चाळी आणि नव्या इमारतींची दाट वस्ती आहे. लोकल टिटवाळ्याकडे निघाली की काही मिनिटांत भातशेती दिसू लागते. समजा, या वस्तीतील एखाद्या चाळीत सरकारी सर्वेक्षक आला आणि महिन्याचा किराणा, भाडे, शाळेची फी असा सगळा खर्च विचारू लागला. त्याच आठवड्यात जवळच्या गावात कृषी कर्मचारी दोरी आणि खुंट्या घेऊन भाताच्या खाचरात उतरला. दोन्ही ठिकाणी लोक एकच प्रश्न विचारतील. एवढी घरे, एवढी शेते सोडून आमच्याकडेच का?

त्याचे उत्तर समूह नमुना पद्धतीत, म्हणजेच क्लस्टर सॅम्पलिंगमध्ये आहे. भारतातील शेतीच्या मोजणीत ही पद्धत पक्की करण्यात मोठा वाटा होता पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा.

समूह नमुना पद्धत म्हणजे काय?

आंबिवली परिसरातील ६०० घरांचा खर्च जाणून घ्यायचा आहे, असे समजू. सर्व घरांची एक यादी करून त्यातून चिठ्ठ्या काढणे हा सर्वात सरळ मार्ग. पण अशी अद्ययावत यादी नसते. शिवाय निवडलेली घरे चारही दिशांना विखुरलेली असतात, त्यामुळे सर्वेक्षकाचा निम्मा वेळ फिरण्यात जातो.

म्हणून आधी चाळी किंवा गल्ल्या यांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि निवडलेल्या ठिकाणीच घरांची यादी करायची. मग तिथली सगळी घरे घ्यायची किंवा पुन्हा चिठ्ठी काढून काही घरे. पहिल्या प्रकाराला समूह नमुना म्हणतात आणि दुसऱ्याला बहुस्तरीय नमुना. दोन्हींचे मूळ एकच आहे.

यात खर्च वाचतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. एका चाळीतील घरे एकमेकांसारखी असतात. भाडे सारखे, पाण्याची वेळ सारखी आणि अनेकदा कामाचे ठिकाणही सारखे. त्यामुळे पाचव्या घरातून जी माहिती मिळते, ती बरीचशी पहिल्या चार घरांतच मिळालेली असते.

हे साम्य आकड्यात मांडता येते. शेजारच्या घरांतील साम्याचा गुणांक ०.०५ मानला आणि ३० चाळींतून प्रत्येकी २० घरे घेतली, तर ६०० घरांच्या या नमुन्यातून जवळपास ३०८ सुट्या घरांइतकीच खात्री मिळते. तीच ६०० घरे १२० चाळींतून प्रत्येकी पाच याप्रमाणे घेतली, तर खात्री ५०० सुट्या घरांइतकी होते. म्हणजे एकाच ठिकाणी ठाण मांडण्यापेक्षा जास्त ठिकाणी थोडे थोडे विचारणे चांगले. यातला तोल कसा साधायचा, हाच या शास्त्राचा गाभा आहे.

सुखात्मे कोण होते?

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. खटाव तालुक्यातील हे गाव दुष्काळी पट्ट्यात येते. पाऊस हुकला की पिकाचे काय होते, हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून १९३२ मध्ये गणित हा मुख्य विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये दाखल झाले.

आधुनिक संख्याशास्त्र त्या काळात तिथेच घडत होते. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन आणि १९३४ मध्ये आलेले पोलंडचे जर्झी नेमन हे तिघेही त्याच संस्थेत होते. सुखात्मे यांनी १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्यांचे संशोधन शुद्ध गणिताच्या अंगाने जाणारे होते, पण याच काळात नमुना निवडीच्या शास्त्राशी त्यांचा जवळून परिचय झाला.

इटलीच्या जनगणनेतून कोणता धडा मिळाला?

नेमन यांनी १९३४ मध्ये एक निबंध वाचला आणि सर्वेक्षणाचे शास्त्रच बदलले. त्यात इटलीचे एक उदाहरण होते. तिथल्या जनगणनेचे कागद नष्ट करण्याआधी एक नमुना जपून ठेवायचा होता. त्यासाठी २१४ जिल्हासदृश विभागांपैकी २९ विभाग विचारपूर्वक निवडले गेले. निवडलेल्या विभागांची सरासरी काही ठरावीक बाबतींत देशाच्या सरासरीशी जुळेल, याची काळजी घेतली होती. तरीही इतर बाबी तपासल्यावर हा नमुना देशाशी जुळेना.

नेमन यांनी त्याचे कारण दाखवले. समूह फार मोठे आणि फार थोडे होते, आणि ते माणसाने आपल्या समजुतीने निवडले होते. समूह लहान आणि भरपूर असावेत, त्यांची निवड चिठ्ठीने व्हावी. तरच नमुन्यात किती चूक असू शकते हे सांगता येते. सुखात्मे यांनी १९३५ मध्ये याच विषयावर निबंध लिहिला. वेगवेगळ्या गटांत नमुना कसा वाटायचा हे ठरवायला आधीची छोटी पाहणी कशी उपयोगी पडते, हे त्यांनी त्यात दाखवले.

भारतात परतल्यावर दिशा कशी बदलली?

परतल्यानंतरचा एक प्रसंग त्यांच्याविषयी आवर्जून सांगितला जातो. नोकरीच्या शोधात ते पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटले. मालवीय यांनी त्यांच्या संशोधनाची चौकशी केली आणि देशातल्या गरीब माणसाला याचा काय उपयोग, असे विचारले. सुखात्मे यांच्याकडे तेव्हा पटेल असे उत्तर नव्हते. पुढची पन्नास वर्षे त्यांनी जे काम केले, ते या प्रश्नाला उत्तर म्हणून वाचता येते.

काही काळ कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेत काम केल्यावर १९४० मध्ये ते दिल्लीला, आजच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेत आले. परिषदेचा संख्याशास्त्र विभाग तेव्हा अगदी छोटा होता. त्यांच्या काळात तो वाढला आणि त्यातूनच पुढे आजची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था उभी राहिली. भारतीय कृषी सांख्यिकी संस्था ही अभ्यासकांची संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली, त्यातही त्यांचा पुढाकार होता. राजेंद्र प्रसाद हे तिचे पहिले अध्यक्ष होते.

आणेवारीत अडचण काय होती?

त्या काळी देशात किती धान्य पिकले, हे नजरेने ठरत असे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. गावकामगार शेते पाहून यंदाचे पीक किती आणे आहे ते सांगत असे. ठरलेल्या सर्वसाधारण उत्पादनाला त्या प्रमाणात गुणले आणि पेरणीच्या क्षेत्राने गुणले, की जिल्ह्याचा आकडा तयार होई.

इथे मोजमाप कुठेच नव्हते. पीक कमी दाखवले तर शेतसाऱ्यात सूट मिळण्याची शक्यता असे, त्यामुळे आकड्यांचा कल खाली राही. चूक किती असू शकते, हे सांगण्याची सोय तर नव्हतीच.

शांततेच्या काळात हे खपून गेले. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. धान्य खरोखर किती आहे आणि कुठे आहे, याचा भरवशाचा आकडा सरकारकडे नव्हता. पुढे रेशनिंग आले, धान्य आयात सुरू झाली आणि उत्पादनाचा आकडा पोटाशी जोडला गेला.

सुखात्मे यांची पद्धत कशी चालते?

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक पानसे यांनी गव्हापासून कापसापर्यंत अनेक पिकांवर प्रयोग केले. वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात कापसावर झालेले काम त्यातलेच. त्यातून जी रीत पक्की झाली, ती आज महाराष्ट्रातील गावपातळीवरच्या प्रत्येक कृषी कर्मचाऱ्याला पाठ असते.

आधी तालुके किंवा मंडळे हे गट मानायचे. प्रत्येक गटातून चिठ्ठीने गावे काढायची. गावातून ते पीक असलेले गट नंबर काढायचे. मग शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभे राहून, मिळालेल्या यादृच्छिक आकड्यांनुसार लांबीकडे आणि रुंदीकडे पावले मोजत जायचे. जिथे पोहोचाल तिथे खुंटी ठोकायची, दोरीने चौकट आखायची, आतले पीक कापायचे, मळायचे आणि वजन करायचे.

चांगले शेत निवडायची मुभा नाही, वाईट निवडायचीही नाही. शेतात गेल्यावर पीक उभे आहे की आडवे, हे पाहून जागा बदलता येत नाही. या पद्धतीचा सगळा प्रामाणिकपणा या नियमावर उभा आहे.

महालनोबिस यांच्याशी वाद कशावरून झाला?

त्याच काळात कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या आणि भाताच्या मोठ्या सर्वेक्षणांतून जगाचे लक्ष वेधले होते. चिठ्ठीने नमुना काढण्याबद्दल दोघांचे एकमत होते. मतभेद दोन गोष्टींवर होते.

पहिली, चौकट किती मोठी असावी. महालनोबिस लहान चौकटी पसंत करत, कारण त्याच खर्चात जास्त ठिकाणी कापणी होते. चौकट लहान असली की उत्पादन फुगून दिसते, हे सुखात्मे यांनी मुरादाबाद जिल्ह्यातील गव्हाच्या शेतांवर तपासून दाखवले. त्यांचा निष्कर्ष १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

कारण साधे आहे. दोरीवर आलेले रोप आतले की बाहेरचे, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. हिशेब करून पाहा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाची कड फक्त दोन इंच बाहेर सरकली, तर क्षेत्र सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद चौकटीची कड तेवढीच सरकली, तर वाढ सुमारे ३ टक्केच होते. ही मोठी चौकट म्हणजे एकराचा बरोबर ८० वा भाग. नमुने कितीही वाढवले तरी ही चूक कमी होत नाही, कारण प्रत्येक शेतात ती एकाच बाजूला झुकते. कसून प्रशिक्षण दिलेले कर्मचारी असतील तर लहान चौकटीही चालतात, असे महालनोबिस यांच्या बाजूचे म्हणणे होते.

दुसरा मुद्दा कापणी कोणी करायची, हा होता. महालनोबिस यांना त्यासाठी पूर्णवेळ, स्वतंत्र तपासनीस हवे होते. महसूल आणि कृषी खात्याचा माणूस गावात आधीच आहे, त्यालाच शिकवावे, असा सुखात्मे यांचा आग्रह होता. देशाने पिकांच्या अंदाजासाठी अखेर सुखात्मे यांचा मार्ग धरला. घरोघरच्या खर्चासाठी मात्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण टिकून राहिले. दोघांची भांडणे अभ्यासकांना आठवतात. देशाला दोघांचाही उपयोग झाला.

सुखात्मे यांचा नमुना सर्वेक्षणावरील ग्रंथ १९५४ मध्ये आला. एकक म्हणून एक शेत घ्यावे, शेतांचा समूह घ्यावा की अख्खे गाव, याची खर्च आणि अचूकता अशा दोन्ही बाजूंनी त्यात चर्चा आहे. पानसे यांच्यासोबत लिहिलेले कृषी संख्याशास्त्राचे पुस्तकही त्याच वर्षीचे. कृषी विद्यापीठांत ते आजही ‘पानसे-सुखात्मे’ या नावानेच ओळखले जाते.

जगातील भुकेल्यांची संख्या त्यांनी कशी मोजली?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत गेले. जवळपास वीस वर्षे तिथल्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे होती. त्या काळात जगातील दोनतृतीयांश लोक भुकेले असल्याचे मोठ्या व्यासपीठांवरून सांगितले जाई. हा आकडा कसा काढला, याचे उत्तर मात्र कोणाला नीट देता येत नसे.

सुखात्मे यांचा आक्षेप मोजणीच्या रेषेवर होता. प्रत्येकाची अन्नाची गरज वेगळी असते. सरासरी गरज हीच रेषा धरली, तर धडधाकट लोकांच्या गटातही निम्मे जण रेषेखाली दिसतील. त्यांनी खाण्यातील फरक आणि गरजेतील फरक असे दोन्ही हिशेबात घेतले. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मांडलेल्या अंदाजानुसार जगातील १० ते १५ टक्के लोक अर्धपोटी होते, आणि भूक व कुपोषण एकत्र धरले तर हे प्रमाण निम्म्यापर्यंत जात होते. १९६३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना गाय पदक दिले. ही संघटना आज दरवर्षी जगातील भुकेल्यांची जी संख्या जाहीर करते, तिच्या पद्धतीचा पाया याच कामात आहे.

दारिद्र्यरेषेच्या वादात ते टीकेचे धनी का झाले?

१९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर ते पुण्यात परतले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत पोषणाचा अभ्यास करू लागले. गरिबांच्या आहारात प्रथिनांची मोठी तूट आहे, असे तेव्हा जगभर मानले जाई. पुरेशी भाकरी आणि डाळ पोटात गेली तर बहुतेकांची प्रथिनांची गरज भागते, खरी तूट एकूण अन्नाची आहे, असे त्यांनी मांडले. अस्वच्छ पाणी आणि सततचे जुलाब यांमुळे खाल्लेले अंगी लागत नाही, यावरही त्यांचा भर होता. या मुद्द्यांना पुढे व्यापक मान्यता मिळाली.

दुसरा मुद्दा मात्र वादाचा ठरला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये उष्मांकांच्या आधारे देशातील गरिबीचा अंदाज मांडला होता. सुखात्मे यांचे म्हणणे असे की एकाच माणसाची गरजही आठवड्यागणिक बदलते आणि शरीर एका मर्यादेत जुळवून घेते. त्यामुळे भुकेची रेषा सरासरीच्या बरीच खाली आखावी. समजा, सरासरी २४०० उष्मांक असेल आणि प्रमाण विचलन १५ टक्के असेल, तर त्यांची रेषा १६८० वर येते. रेषा एवढी खाली आली की कोट्यवधी लोक आकड्यांत भुकेले राहत नाहीत.

दांडेकर यांनी ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’च्या पानांवर या मांडणीवर जोरदार टीका केली. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनीही शरीर जुळवून घेते या युक्तिवादाला विरोध केला. कमी खाऊन जगणारे शरीर वाढ आणि काम यांची किंमत मोजत असते, याकडे टीकाकारांनी लक्ष वेधले. सुखात्मे यांचा हेतू भूक लपवण्याचा नव्हता. सर्वात गरजू कोण, ते नेमके शोधावे असे त्यांना वाटत होते. पण शेतात दोरी दोन इंच सरकल्यावर काय होते हे ज्यांनी देशाला दाखवले, त्यांच्याच आखलेल्या रेषेवर तोच प्रश्न उलटून आला. या वादाचा निकाल एका बाजूने लागला असे म्हणता येत नाही.

२८ जानेवारी १९९७ रोजी सुखात्मे यांचे निधन झाले. केंद्र सरकारने त्यांच्या नावाने ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला.

आज याचा आपल्याशी काय संबंध?

राज्यात भातासह अनेक पिकांसाठी कापणीची चौकट १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असते. ती म्हणजे सुखात्मे यांच्या काळातली ३३ फूट बाय साडेसोळा फुटांची चौकट, फक्त मीटरमध्ये. तिचे क्षेत्र हेक्टरचा २०० वा भाग आहे. म्हणजे वजन करताना एका किलोची चूक झाली, तर हेक्टरी उत्पादनात दोन क्विंटलचा फरक पडतो. महसूल मंडळातील अशा मोजक्या चौकटींच्या सरासरीवर मंडळातील विमाधारक शेतकऱ्यांची भरपाई मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. म्हणून कापणीच्या दिवशी दोरी कुठे आहे आणि काटा बरोबर आहे का, हे पाहायला शेतकऱ्यांनी हजर राहणे त्यांच्याच हिताचे असते.

शहरातही हेच घडते. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळातील घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात देशभरातून ८,७२३ गावे आणि ६,११५ शहरी विभाग निवडले गेले. प्रत्येक ठिकाणाहून साधारण १८ घरे, अशी एकूण २,६१,७४६ घरे. त्यांच्या उत्तरांवर देशातील घरखर्चाचे चित्र उभे राहिले.

आंबिवलीतील एखाद्या चाळीची चिठ्ठी निघाली, तर तिथले एक घर आपल्यासारख्या हजारो घरांच्या वतीने बोलत असते. दार बंद केले किंवा उत्तर अंदाजपंचे दिले, तर त्या हजारो घरांचा आकडा चुकतो. आमच्याकडेच का, याचे उत्तर एवढेच की चिठ्ठी तुमची निघाली. ती कोणी मुद्दाम काढलेली नाही, म्हणूनच तुमचे उत्तर मोलाचे आहे.